आधी कोणाचा तास?

कॉलेजात मूल असलेल्या प्रत्येक घरात वेळापत्रक नावाचा एक कागद असतो. पूर्वी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असे, आता तो मोबाइलच्या पोटात असतो. आई त्यावरून डबा किती वाजता भरावयाचा ते ठरवते. वडील त्यावरून चिरंजीव खरे बोलतात की नाही ते ताडून पाहतात. आणि चिरंजीव स्वतः त्यात 'ऑफ' तास कुठे आहे एवढेच शोधतात. हा कागद कोणी केला, कसा केला, आणि त्यापायी किती प्राध्यापकांचे आपसांतले बोलणे बंद झाले, याचा विचार कोणी करीत नाही. करण्याचे कारणही नाही. पोळी कशी लाटली हे विचारीत कोणी पाटावर बसत नाही.

पण मी पोळपाटाजवळची बाई. महाड-पोलादपूर भागातल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते, आणि गेली काही वर्षे वेळापत्रक समितीवर आहे. या समितीवर मराठीच्या बाईंचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. मराठीला प्रयोगशाळा लागत नाही, यंत्र लागत नाही, खडूचा तुकडा असला की भागते. म्हणून मराठीचा तास कुठेही ढकलता येतो, असा सर्व विषयांचा एकमुखी समज आहे. जो ढकलला जातो त्याने ढकलणाऱ्यांच्या शेजारी बसावे, हा शहाणपणा मला आमच्या आधीच्या सरांनी निवृत्त होताना देऊन ठेवला. दिवाळीची सुट्टी म्हणजे दोन सत्रांमधली फट. तुम्ही हा अंक चाळीत असाल तेव्हा दुसऱ्या सत्राचा कागद आमच्यापुढे पसरलेला असेल. तेव्हा यंदा त्याच विषयावर चार गोष्टी सांगते.

प्रथम हिशेब पाहा. आमच्याकडे वर्गाच्या खोल्या 12. रोजचे तास 7. आठवड्याचे दिवस 6. म्हणजे कागदावर 504 घरे झाली. एवढी घरे हाताशी असताना अडचण कसली, असे वाटेल. अडचण अशी की माणसाला एका वेळी एकाच ठिकाणी बसता येते. विद्यार्थी दोन वर्गांत बसू शकत नाही, शिक्षक दोन फळ्यांवर लिहू शकत नाही, आणि एका खोलीत इतिहास व हिशेबशास्त्र एकदम चालू शकत नाही. या तीन साध्या गोष्टींनी ती 504 घरे भराभर बंद होत जातात.

माझ्या विद्यार्थिदशेत हे काम बरेच सोपे असावे. वर्गाला विषय ठरलेले, सगळा वर्ग मिळून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाई. पुढे 2011-12 पासून मुंबई विद्यापीठात सत्र आणि श्रेयांक यांची पद्धत आली. त्यानंतर 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि 2024-25 पासून आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत ते लागू झाले. आता विद्यार्थ्याचा एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, एक दुसऱ्या शाखेतला खुला विषय, शिवाय कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण अशी पंगत असते. एका श्रेयांकाला वर्गातले 15 तास, प्रात्यक्षिक असेल तर 30. सत्राला सुमारे 20 ते 22 श्रेयांक. म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात प्रत्येक मुलाला आठवड्याला वीस-बावीस तास तरी बसवायचेच, आणि ज्याने जे निवडले तेथे बसवायचे.

निवड ही चांगली गोष्ट आहे. शास्त्र शाखेच्या मुलाला खुला विषय म्हणून मराठी कथा शिकता यावी, यात मला आनंदच आहे. पण निवडीचा हिशेब ऐका. आठ विषयांतून दोन निवडावयाचे म्हटले की 28 जोड्या होतात. एखादी जोडी एकाच मुलीने निवडली, समजा भूगोल आणि मराठी, तर तिच्या एकटीसाठी ते दोन तास वेगळ्या वेळी ठेवावे लागतात. तसे ठेवले नाहीत तर तिला कागदावर निवड असते आणि प्रत्यक्षात नसते.

आमचे गणिताचे सर समितीचे प्रमुख आहेत. ते एकदा कंटाळून म्हणाले, "बाई, हे वेळापत्रक नाही, हा नकाशा आहे." मग त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. 1852 साली लंडनमध्ये फ्रान्सिस गथ्री नावाचा तरुण इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवीत होता. शेजारच्या दोन परगण्यांना एक रंग यावयाचा नाही, ही अट. त्याच्या लक्षात आले की चार रंगांत काम भागते. नेहमीच भागते का, या प्रश्नाचे उत्तर मिळावयास 1976 साल उजाडले, आणि तेव्हाही आपेल व हाकेन या दोघा गणितज्ञांना संगणकाची मदत घ्यावी लागली. आपल्याकडचा नकाशा घ्या. रायगडाला ठाणे लागते, पुणे लागते, पोलादपुराच्या अंगाला सातारा लागतो, खाली रत्नागिरी. या सगळ्यांचा रंग रायगडाहून वेगळा हवा. आता जिल्ह्याऐवजी विषय म्हणा, सरहद्दीऐवजी दोन्ही विषय घेतलेला विद्यार्थी म्हणा, आणि रंगाऐवजी तास म्हणा. झाले आमचे वेळापत्रक! फरक एवढाच की जमिनीवरच्या जिल्ह्याला दूरच्या जिल्ह्याची सरहद्द लागत नाही. विषयांना मात्र कोणाचीही लागते. म्हणून चार रंगांत आमचे भागत नाही.

1967 साली वेल्श आणि पॉवेल या दोघांनी हा रंगांचा खेळ वेळापत्रकाला कसा लावावा यावर एक निबंध लिहिला. त्यांची रीत घरच्या बाईला लगेच पटेल अशी आहे. ज्या विषयाचे सर्वांत जास्त विषयांशी भांडण, त्याला तास आधी द्या. मग त्याहून कमी भांडणाऱ्याला. ज्याचे कोणाशीच वाकडे नाही त्याला शेवटी, कारण तो कुठेही बसतो. प्रवासाची पेटी भरताना आपण हेच करतो. परात आधी, रुमाल शेवटी. रुमालांनी पेटी भरली की परात बाहेरच राहते. ही रीत प्रत्येक वेळी उत्तमच उत्तर देते असे नाही. 1976 साली तिघा संशोधकांनी दाखवून दिले की वेळापत्रकाचा प्रश्न अशा जातीचा आहे, ज्याचे नेमके उत्तर हमखास आणि झटपट काढणारी युक्ती कोणाजवळच नाही. आणि ती अजूनही कोणाला सापडलेली नाही. पण अवघडाला आधी, हे सूत्र शहाणपणाचे आहे.

आता प्रत्यक्षात आम्ही आधी काय मांडतो ते पाहा. आधी प्रयोगशाळा, कारण त्या हलत नाहीत. ते ठीक. मग तासिका तत्त्वावरचे शिक्षक. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात. ते एका गावाहून दुसऱ्या गावच्या कॉलेजात धावत असतात, त्यांची सोय पाहावीच लागते. तेही ठीक. मग ज्येष्ठ मंडळी. कोणाला सकाळी रक्तदाबाची गोळी घेतल्यावर तासभर विश्रांती लागते, कोणाला दुपारी जेवणानंतर शिकवणे मानवत नाही, कोणाला शनिवार मोकळा हवा. अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे आठवड्याला 14 किंवा 16 तास अध्यापन. ते कोणत्या वेळी, याबद्दल आयोग काही बोलत नाही, आणि जेथे आयोग बोलत नाही तेथे आम्ही बोलतो. या सगळ्यांतून जी घरे उरतात ती सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची. त्यांत मराठी बसते, खुले विषय बसतात, आणि त्यांच्याबरोबर तो विषय घेतलेली मुले बसतात.

पहिल्या सत्रात दुसऱ्या वर्षाच्या दुय्यम मराठीचा तास असाच दुपारी साडेतीन ते साडेचार असा लागला. दोन आठवड्यांनी वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीवरची. फार बोलणारी नव्हे, पण निबंध असा लिहिते की मी तो घरी नेऊन वाचते.

"मॅडम, मी मराठी बदलून दुसरा विषय घेऊ का?"

"का गं? आवडत नाही?"

"आवडतं. पण तास सुटतो तोवर वाडीची गाडी गेलेली असते. पुढची गाडी पोलादपूरपर्यंतच आहे."

"मग इतके दिवस कशी गेलीस?"

"काका न्यायला येतात दुचाकीवर, त्यांना जमलं तर. नाहीतर चालत. आता आई म्हणते, पावसाचं चालत नको. एक तर विषय सोड, नाहीतर कॉलेज सोड."

ती सकाळी येते ती वस्तीच्या गाडीने. रात्री मुक्कामाला आलेली एस.टी. पहाटे खाली उतरते, तीत बसून. म्हणजे पहाटे निघालेल्या मुलीचा पहिला तास साडेदहाला, आणि ज्यासाठी ती आली तो शेवटी. शिवाय 75 टक्के हजेरीची अट आहेच. तास बुडवून गाडी धरली तर परीक्षेला अडचण, तास धरला तर घरी अडचण.

तुम्ही म्हणाल, हलवा तो तास. मीही तेच म्हणाले. पण त्याच वर्गात तीन मुले अशी होती की ज्यांना साडेतीनचाच तास हवा होता. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तेथे ती कंत्राटी कामावर पहिल्या पाळीला जातात. तीनला पाळी सुटली की अंग धुऊन, कपडे बदलून थेट वर्गात. त्यांचे डोळे लाल असतात, पण ती येतात. मुलीसाठी तास दुपारी बाराला नेला तर ही तीन मुले गेली. मुलांसाठी जागच्या जागी ठेवला तर मुलगी गेली. दोघांचीही बाजू खरी. अशा वेळी वेळापत्रकाच्या कागदाकडे पाहवत नाही.

आमच्या गावात राहून अशा प्रश्नाचा विचार करताना एका नावाशी येऊन थांबावेच लागते. बाबासाहेब आंबेडकर परळच्या चाळीत एका खोलीत वाढले. त्या खोलीत सगळा संसार. त्यांचे वडील, सुभेदार रामजी, मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, आणि मग त्याला अभ्यासाला उठवून आपण झोपत. खोली एकच, पण रात्री दोनच्या पुढे ती अभ्यासिका होई. खोल्या वाढवता येत नाहीत तेव्हा वेळ वाटून घ्यावी लागते. वेळापत्रक म्हणजे याहून निराळे काय असते?

पुढे 8 जुलै 1945 रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि 20 जून 1946 रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. इमारत नव्हती, मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत वर्ग भरले. ते कॉलेज सकाळचे ठेवले होते. कारण ज्यांच्यासाठी ते काढले त्यांतल्या कित्येकांना दिवसा नोकरी करावी लागे. सकाळी वर्ग, मग कचेरी. प्राध्यापकांना काय सोयीचे, हा प्रश्न तेथे पहिला नव्हता. विद्यार्थी कोणत्या वेळी मोकळा असतो, हा पहिला होता. त्याच्याही फार पूर्वी, 1855 साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. कारण तेच. मजुराचा दिवस विकला गेलेला असतो, त्याच्याजवळ रात्रच उरते. महाडातही सोसायटीचे, बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय 1961 साली निघाले. वेल्श आणि पॉवेल यांनी 1967 साली जे गणितात मांडले, ते या मंडळींनी आधीच करून दाखवले होते. ज्याला हलावयास सर्वांत कमी जागा, त्याचा तास आधी मांडला होता.

आणि चवदार तळे तर आमच्या रोजच्या वाटेवरचे. दर वर्षी 20 मार्चला लांबलांबून माणसे येतात, तेव्हा महाडचे रस्ते भरून जातात. ते तळे 1927 साली मोकळे झाले असे मुलांना वाटते. हकीकत जराशी वेगळी आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी झाला, आणि महाडच्या नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे तीन वर्षे खुले होते, आणि पाणी कोणी भरू शकत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्या दिवशी परतणाऱ्या माणसांनी मार खाल्ला. पुढे खटला चालला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 रोजी लागला.

त्या पाण्याची तुलना मी एस.टी.च्या गाडीशी करीत नाही. ते पाणी फार मोठ्या मोलाचे आहे. पण तळ्याकाठून जाताना एक गोष्ट मनात येते. दार खुले आहे असे लिहून ठेवणे हे एक काम, आणि माणूस आत येऊ शकतो का ते पाहणे हे दुसरे काम. आमच्या माहितीपत्रकात 'विषय निवडीचे स्वातंत्र्य' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. ते स्वातंत्र्य साडेचारच्या आधी संपते की नंतर, हे वेळापत्रकात ठरते.

विद्यापीठाला दोष देण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठ 1857 चे, आणि त्याचा पसारा मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत. चर्चगेटला उतरून चालत कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आणि आमच्या वाडीवरच्या मुलीला सत्राचे आठवडे सारखेच. पण आमचे पहिले सत्र म्हणजे अख्खा पावसाळा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाड आणि पोलादपूर यांच्यामधला सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्याच्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल 2017 च्या जूनमध्ये खुला झाला. 22 जुलै 2021 ला महाड पाण्याखाली होते, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. अशा मुलखातली आई 'पावसाचं चालत नको' म्हणते तेव्हा ती भित्री नसते. तिला मुलूख ठाऊक असतो.

हल्ली वेळापत्रक करणारे संगणकाचे कार्यक्रम मिळतात. आमच्याकडेही एक आहे. अर्ध्या मिनिटात तो कागद काढून देतो. पण त्याला जे सांगावे तेवढेच तो पाळतो. शिक्षकांच्या अडचणी त्याला सांगितलेल्या असतात, खोल्या सांगितलेल्या असतात. वाडीची गाडी किती वाजता सुटते आणि कारखान्याची पाळी केव्हा संपते, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. आणि त्यासाठी आधी कोणीतरी मुलांना विचारावे लागते.

त्या तासाचे पुढे काय झाले ते सांगते. दोन दिवस आम्ही कागदाशी झटलो. गणिताच्या सरांनी आपला बाराचा तास सकाळी पहिला घेतला. त्यांना सकाळ मानवत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण नकाशाची गोष्ट त्यांनीच सांगितलेली होती, तेव्हा मागे फिरणे त्यांना शोभले नसते. त्या जागी मराठीचा तास बसला. मुलीची गाडी सुटली नाही. पाळीवाल्या मुलांसाठी मी आठवड्यातून दोन दिवस ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत साडेतीनला तोच भाग पुन्हा घेऊ लागले. तीनपैकी दोघे टिकले. तिसऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलू लागली; एक आठवडा सकाळ, एक दुपार, एक रात्र. त्याला बसेल असा तास आम्हा कोणालाच सापडला नाही. त्याने मुक्त विद्यापीठाची चौकशी केली. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले ते असल्यांच्या सोयीसाठीच, आणि ते आहे हे फार बरे आहे. तरी खिडकीजवळच्या त्या बाकाकडे माझे लक्ष जाते. वर्गात प्रश्न विचारणारा तोच होता.

दुसऱ्या सत्रासाठी मात्र समितीने माझी एक सूचना मान्य केली. विषय निवडीच्या अर्जावर दोन नवे रकाने आले. पहिला, 'घरी जाण्याची शेवटची गाडी किती वाजता?' दुसरा, 'कामावर जाता काय? असल्यास वेळ लिहा.' एका सहकाऱ्यांनी विचारले, "बाई, हे सगळं पाहत बसलो तर वेळापत्रक होणार केव्हा?" मी म्हणाले, "आधी हे पाहिलं तर होईल. शेवटी पाहिलं तर नाही." ते हसले, पण त्यांनी अर्ज वाटले.

ते अर्ज आता माझ्या टेबलावर आहेत. दिवाळीचा फराळ खाऊन हात पुसले की एकेक वाचते. पुष्कळ मुलांनी दोन्ही रकाने मोकळे सोडले आहेत. ती गावातलीच, त्यांचा तास कुठेही बसेल. काहींनी गाडीची वेळ अगदी मिनिटासकट लिहिली आहे. एकीने लिहिले आहे, 'पाच वाजता, पण म्हशीची धार असते, म्हणून चार.' आणि एकाने गाडीच्या रकान्यात लिहिले आहे, 'गाडी नाही, चालत, दीड तास.' ते अर्ज मी वेगळे काढून वर ठेवले आहेत. मांडणी तेथून सुरू करावयाची आहे.